सात नंबरच्या खुर्चीवर बंदी

"अख्खा बोर्ड ज्यानं एका नजरेच्या धाकात ठेवला, त्याला हा दहा ओळींचा कोड काय जड आहे!" अर्धी दाढी झालेली असताना सुपरवायझरनं आरशापुढे जाहीर केलं. आरशातल्या माणसानं लगेच मान डोलावली. इतक्या पटकन सहमत होणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

ज्या टेलिफोन एक्स्चेंजचा तो सुपरवायझर होता, तिथे आता गाद्यांचं दुकान होतं. पण डॉक्टरपासून न्हाव्यापर्यंत सगळे त्याला अजून सुपरवायझरच म्हणत. त्यानं कधी कुणाला 'माजी' हा शब्द जोडू दिला नव्हता. तो निवृत्त झाला आणि घरात बसून भांड्यांच्या आवाजाला शिस्त लावू लागला, तेव्हा बायकोनं लेकीला फोन केला. लेक दूरच्या शहरात संगणकाचं काम करायची. तिनं आईचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि आठवड्याभरात वडिलांसाठी एक छोटंसं संकेतस्थळ तयार करून दिलं. 'आपलं एक्स्चेंज'. जुन्या ऑपरेटर मंडळींनी तिथे जमायचं, फोटो लावायचे, आठवणी लिहायच्या, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची.

"आणि बाबा, ॲडमिन तुम्ही," लेक म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे सुपरवायझरच."

त्या दिवसापासून तो संगणकापुढे बूट घालून बसू लागला.

आता एक्स्चेंजची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. बोर्डापुढे ओळीनं खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला नंबर होता. तीन पाळ्या, म्हणजे एका खुर्चीवर तीन माणसं. पण सुपरवायझरच्या लेखी माणूस म्हणजे खुर्ची. "चार नंबर, लाइन घ्या! नऊ नंबर, हसू नका!" असं त्यानं आयुष्यभर केलं. सात नंबरवर सकाळी मोठ्या बाई असत. सगळ्यांना काम शिकवलं ते त्यांनी. रात्री तिथे फ्यूज बसे. त्याला फ्यूज म्हणत, कारण तो जरा काही झालं की उडायचा. आणि दुपारी तिथे लांब वेणीची एक मुलगी बसायची. तिला सुपरवायझर इतक्या वेळा "सात नंबर, गप्पा बंद!" म्हणाला की शेवटी तिनं हेडफोन काढून विचारलं, "मग कुठे बोलायचं ते तरी सांगा." पुढे ती त्याची बायको झाली. गप्पा अजून बंद झालेल्या नाहीत.

मोठ्या बाई गेल्या थंडीत गेल्या. पण जाण्याआधी त्यांनी 'आपलं एक्स्चेंज'वर आपलं एक पान लिहून ठेवलं होतं. वादळात तारा तुटल्या तेव्हा कोण कुणासाठी रडत होतं, कानावरून हेडफोन काढल्यावरही तो बारीक घुं आवाज घरापर्यंत कसा सोबत यायचा... सगळं. बायको रोज दुपारी चहाचा कप घेऊन खिडकीपाशी बसायची आणि त्या पानातलं थोडंसं वाचायची. जपून, पुरवून पुरवून.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते दिव्यांवरून.

सुपरवायझरनं एक आठवण लिहिली. सुरुवात अशी: 'आपल्या बोर्डावरचे ते हिरवे दिवे आठवतात का? एकेक कॉल येई आणि एकेक हिरवा दिवा काजव्यासारखा लुकलुके.' त्याला स्वतःला ती ओळ इतकी आवडली की त्यानं ती उभं राहून वाचली.

खाली फ्यूजनं लिहिलं: 'पिवळे.'

सुपरवायझरनं लिहिलं: 'हिरवे.'

फ्यूजनं लिहिलं: 'काजवे तुझ्या डोक्यात लुकलुकत होते. दिवे पिवळे होते.'

हे प्रकरण महिनाभर चाललं. सुपरवायझर नव्या पंख्याचा फोटो लावी, खाली फ्यूज: 'पंखा छान. दिवे पिवळे.' सुपरवायझर दात काढल्याचं कळवी, खाली फ्यूज: 'लवकर बरा हो. पिवळे.' वाढदिवसाला फ्यूजनं फुलांचा गुच्छ पाठवला. चित्रातला. सगळी फुलं पिवळी!

"मी याला काढून टाकतो," सुपरवायझर बायकोला म्हणाला.

"कुणाला?"

"शिस्तभंग करणाऱ्याला."

"अहो, तुमच्याशी रोज भांडायला तेवढा एकच उरलाय. त्यालाही काढलात तर माझ्यावर याल."

पण सुपरवायझरचा निश्चय झाला होता. सभासद काढून टाकण्याची सोय लेकीनं मुद्दामच ठेवली नव्हती. म्हणून त्यानं वाचनालयातून एक जाड पुस्तक आणलं आणि कोड लिहायला घेतला. लेकीनं प्रत्येक सभासदाला वेगळा सभासद क्रमांक दिला होता आणि शेजारी जुन्या खुर्चीचा नंबरही लिहिला होता. सभासद क्रमांक सुपरवायझरला परके वाटत. त्यानं सवयीनं सरळ खुर्चीला हात घातला.

पहिलं कलम: ज्याची खुर्ची सात, त्याला काढा. त्याचं सगळं लिखाण पुसा. त्याच्या नावे पत्र काढा आणि पहिल्या पानावर सूचना लावा.

पत्राचा मजकूर त्यानं तीनदा पाडून पुन्हा बांधला: 'आपले वर्तन संस्थेच्या शिस्तीस बाधक आढळल्याने आपणांस तत्काळ सेवामुक्त करण्यात येत आहे. कळावे.'

मग त्याला वाटलं, फ्यूजच्या बाजूनं कुणी उठलं तर? एक्स्चेंजमध्ये सुपरवायझरवर आवाज चढवणं हा गुन्हा होता. लिखाणात आवाज चढलेला कसा ओळखायचा? हे त्याला आंघोळ करताना सुचलं आणि तो तसाच निथळत संगणकाकडे धावला. दुसरं कलम: जो कोणी आपल्या मजकुरात 'सुपरवायझर' हा शब्द आणि उद्गारचिन्ह एकत्र वापरील, त्यालाही आपोआप काढा.

काढलेल्याला परत घेण्याचं कलम लिहायचं त्याला सुचलंच नाही. परत घ्यायचं असतं तर काढायचं कशाला?

त्यानं बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावर सूचना झळकली: 'खुर्ची क्रमांक सात: शिस्तभंगाबद्दल काढण्यात आले.' फ्यूजचं नाव गेलं, त्याचे पिवळे गेले, पिवळी फुलं गेली. सुपरवायझरनं खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. कित्येक वर्षांत घरात अशी शांतता नव्हती.

ती शांतता खिडकीपाशी फुटली.

"अहो! हे काय? 'आपले वर्तन संस्थेच्या शिस्तीस बाधक...' मला? माझं वर्तन?"

सुपरवायझरनं खाडकन डोळे उघडले. दुपारची सात नंबर!

"लाइनमध्ये बिघाड असेल," तो म्हणाला.

हे वाक्य त्यानं हजारो ग्राहकांना ऐकवलं होतं. पण जिला ऐकवत होता, ती स्वतः ते हजारो ग्राहकांना ऐकवून निवृत्त झाली होती. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"सेवामुक्त तर सेवामुक्त," ती म्हणाली. "आजपासून संध्याकाळचा स्वयंपाकही संस्थेनं बघावा. माझं पान गेलं त्याचं काही नाही. मी काय, दोन फोटो आणि एक लोणच्याची बरणी लावली होती. बाईंचं पान तेवढं उघडून द्या. माझं आजचं वाचायचं राहिलंय."

सुपरवायझरनं बाईंचं पान उघडलं. पडद्यावर आलं: 'असे पान अस्तित्वात नाही.'

सकाळची सात नंबर.

बायकोनं त्याच्या खांद्यावरून वाकून ते वाचलं. तो वाट बघत होता, ती आता ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खिडकीपाशी जाऊन बसली, आणि कप रिकामा असूनही दोन्ही हातांत धरून राहिली. तिला पहिल्यांदा हेडफोन बाईंनीच लावून दिला होता, केस अडकू नयेत म्हणून वेणी बाजूला घेऊन. हे सुपरवायझरला ठाऊक होतं. तो तेव्हा मागेच उभा होता, काम नसताना.

इकडे पहिल्या पानावरची सूचना सगळ्यांनी वाचली होती. चार नंबरनं लिहिलं: 'सुपरवायझर, बाईंना काढलंत!' आणि चार नंबर नाहीशी झाली. नऊ नंबरनं लिहिलं: 'मेलेल्या माणसाचा कसला शिस्तभंग, सुपरवायझर!' नऊ नंबर गेला. बोर्डावर काम करता करता सतत गुणगुणायची म्हणून जिला सगळे गुणगुणी म्हणत, ती बिचारी त्याच्या बाजूनं उभी राहिली: 'आपले सुपरवायझर कधी चुकायचे नाहीत!' तीही गेली. कोडला बाजू कळत नव्हती, उद्गारचिन्ह कळत होतं.

दिवे विझावेत तशी नावं विझत चालली. सुपरवायझर घामाघूम झाला. काहीतरी खंबीर बोललं पाहिजे, म्हणून त्यानं दोन बोटांनी टाइप केलं: 'सर्वांनी शांत राहावे! आदेशावरून, सुपरवायझर.'

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग त्यावर एक पत्र उमटलं. 'आपले वर्तन संस्थेच्या शिस्तीस बाधक आढळल्याने...'

तशाही अवस्थेत त्याच्या मनात आलं की भाषा मात्र चोख आहे.

आता 'आपलं एक्स्चेंज'वर एकच सभासद उरला होता. त्याला डायलटोन म्हणत. कारण कुणी काहीही सांगितलं तरी तो फक्त "हं" म्हणायचा. त्यानं आयुष्यात उद्गारचिन्ह वापरलं नव्हतं.

आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीत काहीतरी किंचाळलं.

दोघंही दचकले. कुठला आवाज, ते पटकन ध्यानातच येईना. मग बायको म्हणाली, "अहो, फोन!" टेबलफोन! तो काळा ठोकळा त्यांनी केवळ मायेपोटी ठेवला होता. त्यावर विणलेला रुमाल होता, रुमालावर फुलदाणी. सुपरवायझरनं फुलदाणी उचलली, रुमाल काढला आणि रिसीव्हर कानाला लावला.

"बाईंना काढलंस? बाईंना?" पलीकडून चार नंबर.

तो ठेवतो न ठेवतो तोच नऊ नंबर. मग त्याचा मोबाइल वाजला, मग बायकोचा. ज्यांचा आवाज वर्षानुवर्षं ऐकला नव्हता, नुसते अंगठे आणि फुलं बघितली होती, ते सगळे एकदम बोलत होते. आवाज घोगरे झाले होते, मधे मधे खोकला यायचा, पण शिव्या तशाच ताज्या होत्या! सुपरवायझर एका कानाला एक, दुसऱ्या कानाला दुसरा फोन लावून "बिघाड आहे, बिघाड आहे" म्हणत खोलीभर फिरत होता आणि वायरीत गुरफटत होता.

"सरका," बायको म्हणाली.

ती फोनपुढच्या स्टुलावर बसली. पाठ ताठ झाली. तिनं केस कानामागे सारले.

"नमस्कार, सात नंबर बोलतेय. जरा थांबा हं, देते." मोबाइल उचलला. "नमस्कार, लाइनवर राहा." तिनं एका मोबाइलवर चौघांना एकत्र बांधलं, दुसऱ्यावर पाचांना, दोन्ही मोबाइल रिसीव्हरच्या दोन टोकांना उलटसुलट टेकवले, वरून टॉवेल गुंडाळला, आणि टेबलावर एक्स्चेंज सुरू झालं. टॉवेलातून कल्ला येऊ लागला.

"अगं, तू? आवाज काय बारीक झालाय तुझा!"

"दात नाहीत ना!"

"भांडायला जमलोय आपण. आधी भांडा!"

सुपरवायझर भिंतीला टेकून बघत होता. स्टुलावरची ती पाठ त्यानं पूर्वी इतक्या वेळा मागून पाहिली होती की गप्पा बंद म्हणायचं तो विसरूनच गेला.

त्यानं शेजारच्या खोलीत जाऊन, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या मोबाइलवरून, लेकीला फोन लावला.

"बाबा, खरं सांगा. काय दाबलंत?"

त्यानं सांगितलं. पलीकडे लेक ज्या तऱ्हेनं श्वास घेत होती, त्यावरून ती हसू आवरत असावी.

"माणसं परत आणते मी. दुसरं कलम काढून टाकू?"

"ते माझं मी काढीन. ॲडमिन मी आहे."

"बरं. पण पुसलेलं लिखाण परत येणार नाही, बाबा. रोज एक प्रत ठेवायची सोय केली होती मी. ती तुम्हीच बंद केलीत. म्हणालात, पसारा नको."

तो बाहेरच्या खोलीत परतला. बायकोनं लेकीचं उत्तर त्याच्या चेहऱ्यावरच वाचलं.

"गेलं ना?" ती म्हणाली. "मी पुरवून पुरवून वाचत होते हो. अर्धंसुद्धा झालं नव्हतं."

तेव्हा टॉवेलातून गुणगुणी बोलली. "अगं, पण बाई स्वतः कुठे लिहायच्या? त्यांना शेवटी शेवटी दिसतच नव्हतं. त्या फोनवर सांगायच्या आणि फ्यूज टाइप करायचा. तुम्हाला ठाऊक नाही?"

सुपरवायझरला ठाऊक नव्हतं. फ्यूजनं हे कधी सांगितलं नव्हतं. सगळ्या गोंधळात एकट्या फ्यूजचा फोन तेवढा आला नव्हता.

बायकोनं रिसीव्हर सोडवून त्याच्यापुढे धरला. त्यानं नंबर फिरवला. न बघता फिरवला. महिनाभर त्यानं ज्याला शिव्या दिल्या, त्याचा नंबर बोटांना पाठ होता.

"कोण?" पलीकडून आवाज आला. तोच, खरखरीत.

"मी."

"मी कोण? सेवामुक्त माणसांशी बोलायची परवानगी काढलीस का?"

"मी पण सेवामुक्त आहे."

पलीकडे एक खाकरणं झालं, त्यात बरंच काही दडपलं गेलं.

"फ्यूज, बाईंचं पान गेलं. माझ्या हातून गेलं. तुझ्याकडे काही आहे का?"

"आहे."

"दे ना."

"दिवे कुठल्या रंगाचे होते?"

सुपरवायझरनं डोळे मिटले. त्याला बोर्ड स्वच्छ दिसत होता. एकेक हिरवा दिवा! तो शपथेवर सांगू शकला असता. त्यानं डोळे उघडले. समोर बायको, रिकामा कप हातात घेऊन.

"पिवळे असतील," तो म्हणाला.

"असतील?"

"पिवळे होते! झालं समाधान? होते पिवळे!"

"थांब मग. वहिनींना म्हणावं, सगळ्यांना जोडा. मी बाईंचा शब्द सुटू नये म्हणून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचो आणि मग टाइप करायचो. सगळं आहे. आवाजासकट."

बायकोनं पुन्हा टॉवेल बांधला. खट्‌ असा आवाज झाला, थोडी खरखर झाली, आणि त्या खोलीत मोठ्या बाई बोलू लागल्या. बारीक, पण प्रत्येक अक्षर वेगळं, ग्राहकाला नंबर सांगावा तसं.

'फ्यूज, हे लिहून घे. सकाळी बाजार उघडला की बोर्डावर पिवळे दिवे असे भरून यायचे...'

बायकोनं वाकून कान टॉवेलापाशी नेला.

'...आणि आमचा सुपरवायझर! त्याला तेव्हा हिरव्या काचेचा चष्मा लावायची हौस होती. रुबाब म्हणून आतसुद्धा काढायचा नाही. त्याला सगळे दिवे हिरवेच दिसायचे. आम्ही कुणी कधी सांगितलं नाही त्याला. त्या चष्म्यातून आम्ही त्याला जरा चांगलं काम करताना दिसत असू, म्हटलं राहू दे.'

टॉवेल असा काही हसला की फोनवरून घसरून खाली पडला. बायकोचे खांदे हलत होते. तिनं डोळे पुसले, मग पुन्हा हसली, मग पुन्हा पुसले.

"हे पानावर नव्हतं," सुपरवायझर म्हणाला.

"तेवढं मी टाइप केलं नाही," फ्यूज म्हणाला. "म्हटलं, चारचौघांत तुझी इज्जत."

"म्हणजे तुला चष्म्याचं माहीत होतं? मग महिनाभर भांडलास कशाला? एकदाच सांगून टाकायचं!"

"सांगून टाकलं असतं, तर तू माझ्याशी रोज बोलला असतास का?"

सुपरवायझरनं रुमाल उचलला, त्याची घडी केली, परत उलगडली.

संध्याकाळपर्यंत लेकीनं सगळ्यांना परत आत घेतलं. बाईंचा आवाज आता पानावर होता, आणि बायको तो रोज थोडासाच ऐकणार होती. सुपरवायझर बूट घालून संगणकापुढे बसला. मन भरून आलं होतं. सगळ्यांसमक्ष, मोठेपणानं, एकदा लिहायलाच हवं होतं. त्यानं दोन बोटांनी टाइप केलं: 'बोर्डावरचे दिवे पिवळे होते! माझा मित्र फ्यूज याचे म्हणणे बरोबर होते! आपला, सुपरवायझर.'

आणि मोठ्या समाधानानं बटण दाबलं.

पडदा क्षणभर पांढरा झाला.

"अहो," बायकोनं खिडकीपाशी आपल्या पडद्यावर वाचून विचारलं, "लिहिलंय छान. पण तुमचं नाव का दिसत नाहीये यादीत?"

"लाइनमध्ये बिघाड असेल," सुपरवायझर म्हणाला.

"खाली डायलटोननं उत्तर दिलंय तुम्हाला."

"काय म्हणतोय?"

"हं."

सुपरवायझर तसाच बसून राहिला. दुसरं कलम काढायला त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती, लेकीला सांगितलं असतं तर एकच. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत टेबलफोन वाजला. तो बुटांसकट असा धावला की फुलदाणी वाटेतच आडवी झाली.

दुसरं कलम अजून तसंच आहे. ॲडमिन स्वतः काढणार आहेत. फ्यूज रोज संध्याकाळी फोन करून विचारतो, झालं का?

"वेळ कुठाय!" सुपरवायझर म्हणतो, आणि स्टूल जवळ ओढतो.